भिंत पाण्यात पडत नाही

मातीची भिंत पुराच्या पाण्यात सहसा पडत नाही. ती पाणी ओसरल्यावर पडते. माझे लहानपण गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका नदीकाठच्या मातीच्या घरात गेले असूनही ही गोष्ट मला २०२१ च्या जुलैपर्यंत ठाऊक नव्हती. आईला ठाऊक होती. २३ जुलैला म्हादईचे पाणी सोप्यावरून आत शिरले, दुपारपर्यंत कमरेएवढे चढले आणि रात्री उतरू लागले, तेव्हा देवळाच्या सभामंडपात दाटीवाटीने बसलेली माणसे घराकडे परतायची घाई करू लागली. आईने मात्र दादाचा हात धरून त्याला खाली बसवले. "आज कोणी आत पाय घालायचा नाही," ती म्हणाली, "भिंती पाणी पिऊन बसल्यात. आतापर्यंत दोन्हीकडून पाण्याचा टेकू होता, आता तोही गेला." दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन पडल्यावर, उगवतीकडची भिंत खाली आली. वहिनी सांगते की आवाज फारसा झालाच नाही; दमलेले माणूस गुडघे मोडून बसते तशी ती भिंत बसली आणि तिच्यामागोमाग नळे, म्हणजे छपराची कौले, घरंगळत आली.

मी त्या वेळी फोंड्यात होते. रस्ते बंद, माहेरचे फोन बंद, आणि माझ्या हातात मोबाईलवर फिरणारी, कुणाकुणाच्या अंगणांची चित्रे. तिसऱ्या दिवशी पोचले तेव्हा घराच्या चार माणसांची जी चार रूपे दिसली, ती गेली काही वर्षे माझ्या डोक्यातून जात नाहीत. आई तेव्हा शहात्तर वर्षांची होती, दादा पन्नाशीचा, वहिनी पंचेचाळिशीची आणि भाची नऊ वर्षांची. पाणी चौघांच्याही घरात सारखेच चढले होते, पण ते चौघांच्या अंगात सारखे चढले नव्हते, आणि उतरले तर मुळीच सारखे नाही. कोणत्या वयाचे माणूस अशा आपत्तीतून लवकर उठते, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला आणि मी त्यावर मिळेल ते वाचत गेले. वाचून प्रश्न सुटला नाही, पण तो वेगळ्या तऱ्हेने विचारायला हवा हे कळले.

त्या आठवड्यात सगळ्या सह्याद्रीनेच अंग टाकले होते. २२ जुलैला चिपळूण बुडाले, त्याच दिवशी महाडजवळच्या तळीये गावावर दरड आली. २३ तारखेला दूधसागर आणि सोनावळी यांच्यामध्ये दरड कोसळून मंगळुरूहून मुंबईला निघालेली गाडी रुळांवरून घसरली. गोव्यात सत्तरी, डिचोली, फोंडा, धारबांदोडा अशा तालुक्यांत मिळून हजाराच्या आसपास घरांची हानी झाली, आणि १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असे मुख्यमंत्र्यांनी सांगितले. पौर्णिमा तोंडावर होती. अशा दिवसांत खाली मांडवीला भरतीही मोठी असते. त्याच वर्षी १६ मे रोजी तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले होते आणि त्यात उडालेले नळे दादाने उसनवारी करून नुकतेच बसवले होते. नवे नळे आणि जुन्या भिंती एकाच ढिगाऱ्यात पडलेल्या होत्या, नवे कोणते ते रंगावरून ओळखू येत होते.

पुराला आमच्याकडे हुंवार म्हणतात. घरात बोलताना मराठी आणि कोकणी एकमेकींच्या पदरात पदर घालून येतात. भजन, पोथी, पत्र, वर्तमानपत्र मराठीत, आणि पाऊस, मासळी, राग, काळजी यांचे शब्द बहुधा कोकणीत. त्या दिवशी आई सभामंडपात इतर बायकांना सांगत होती, "हुंवार येता आनी वता." पूर येतो आणि जातो. हे वाक्य मी पोचले त्या दिवशी तिच्या तोंडून तीनदा ऐकले, आणि प्रत्येक वेळी मला तिचा हेवा वाटला.

तिच्याजवळ १९८२ होते. त्या वर्षीचे पाणी कुठपर्यंत आले होते याची खूण बाबांनी चौकीतल्या फणसाच्या खांबावर कोयत्याने पाडून ठेवली होती. लहानपणी आम्ही भावंडे त्या खुणेला पाठ लावून आपली उंची मोजत असू. आईसाठी मात्र ती खूण म्हणजे एक हिशेब होता. देवळाची तिसरी पायरी बुडाली की आपल्या अंगणात पाणी यायला किती वेळ उरतो, आधी गुरे सोडायची की आधी कणगीतले उकडे तांदूळ माळ्यावर चढवायचे, आगपेटी कशात गुंडाळायची, हे तिला सांगावे लागत नव्हते. त्या पहाटे तिने पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवलेल्या जिनसांचे, जेवढे वाचवता आले तेवढे वाचवले: सोलांची बरणी, मिठाची बरणी, अर्धे तांदूळ. कांदे गेले. बियाणे तिने आषाढीच्या दिवशीच माळ्यावर ठेवले होते, कारण पाऊस तिला "बरा वाटत नव्हता."

या गोष्टीचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात १९८० च्या दशकात पूर आले, तेव्हा तिथल्या वृद्धांच्या मुलाखती एका वेगळ्याच पाहणीसाठी आधीपासून घेतल्या जात होत्या. त्यामुळे पुराआधीचे मन आणि पुरानंतरचे मन यांची तुलना करण्याची, एरवी कुणाला न मिळणारी सोय संशोधकांना मिळाली. ज्यांनी पूर्वी पूर पाहिला होता त्यांची चिंता नव्या पुराने फारशी वाढली नाही, ज्यांनी पाहिला नव्हता त्यांची वाढली. देवीची लस टोचावी तसे जुने संकट नव्या संकटापासून राखते, असे या विचाराचे सार आहे. म्हणजे आईचे पांढरे केस तिच्या कामी आले नव्हते, ब्याऐंशी सालचा हुंवार कामी आला होता. वय हे त्या अनुभवाचे फक्त भांडे.

मात्र लस एका रोगाची असते. हे मी तेव्हा लक्षात घ्यायला हवे होते, आणि घेतले नाही.

आपल्या भाषेत या गुणाला एकच एक शब्द नाही हे मला आता भाग्याचे वाटते. आपण तग धरणे म्हणतो, सावरणे म्हणतो, उभारी धरणे म्हणतो, चिवटपणा म्हणतो, आणि म्हाताऱ्या बायकांच्या बाबतीत न चुकता सोशिकपणा म्हणतो. यांत तग धरणे आणि सावरणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. जो तग धरतो तो मुळात पडतच नाही. जो सावरतो तो पडलेला किंवा निदान तोल गेलेला असतो. जॉर्ज बोनॅनो या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये नेमका हाच भेद मांडला, आणि त्यांत आणखी एक वाट सांगितली जाते ती उशिरा कोसळणाऱ्यांची. सुरुवातीला ठीक दिसणारी, काम करणारी, इतरांना धीर देणारी ही माणसे काही महिन्यांनी खचतात. २००१ मध्ये न्यूयॉर्कवर झालेल्या हल्ल्यानंतरच्या पाहणीत पासष्टीपुढचे लोक अठरा ते चोवीस वयाच्या तरुणांपेक्षा तिपटीहून जास्त प्रमाणात तगून राहिलेले आढळले. ती आपत्ती निसर्गाची नव्हती, तरी आमच्या सभामंडपातले चित्र तसेच होते: म्हातारी माणसे भिंतीला टेकून पाऊस पाहत बसली होती आणि कॉलेजातली पोरे मोबाईलला रेंज मिळेना म्हणून रडकुंडीला आली होती.

दादा या दोन्हींत नव्हता. तो बसलेलाच नव्हता.

दादाला मी त्या महिन्यात कधी रिकाम्या हाताने पाहिले नाही. पहिले चार दिवस चिखल, नंतर कागद. पुराचा चिखल फावड्याने निघतो, कागदांचा निघत नाही. रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, बाबांच्या मृत्यूचा दाखला, काजूच्या बागेसाठी काढलेल्या कर्जाची पुस्तिका, हे सगळे त्याने कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातले होते, आणि जे कागद एकमेकांना चिकटले होते ते वहिनी तव्यावर पोळी सोडवावी तशी नखाने कडेने सोडवीत होती. एका कार्यालयात त्याला सांगण्यात आले की अर्जासोबत पडक्या भिंतीचे छायाचित्र हवे आणि त्यात घरमालक उभा असायला हवा. ते छायाचित्र माझ्याकडे आहे, कारण ते मीच काढले. दादाने त्यासाठी केस ओले करून भांग पाडला होता आणि कुणाचा तरी इस्त्रीचा सदरा घातला होता. तो भिंतीच्या ढिगाऱ्यापुढे उभा आहे, हात दोन्ही बाजूंना सरळ, शाळेतल्या प्रार्थनेला उभा राहावा तसा, आणि ओठांवर हसू आहे. छायाचित्र काढताना हसायचे असते म्हणून तो हसला. त्याच्या मागे ढिगाऱ्यातून आमच्या पाळण्याची कडी वर आलेली दिसते. अर्ज परत आला, कारण छायाचित्रावर तारीख नव्हती.

४९ दिवसांनी, १० सप्टेंबरला, चवथ आली. मूळ घर आमचेच, म्हणून गणपती आमच्याकडे; मुंबई-पुण्याची भावकी येते तीही इथेच. घर नसताना गणपती कुठे पुजायचा, यावर दादाने आठ दिवस घालवले असतील. शेवटी उरलेल्या दोन खोल्यांवर ताडपत्री ओढून, बांबूची माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळेफुले टांगायची चौकट, बांधून त्याने तो तिथेच पुजला. माटोळीला कवंडळ होते, आंबाडे होते, सुपारीचे शिपटे होते, नारळ होते. कुळागर, म्हणजे आमची माडा-पोफळींची बाग, उंचावर असल्याने त्याला काही झाले नव्हते. आलेले पाहुणे म्हणत होते की दादा वाघ आहे. मीही म्हणाले.

डिसेंबरात एके दिवशी तो कुळागरात गेला आणि जेवायला आला नाही. वहिनी बघायला गेली तेव्हा चार वाजले होते. तो एका माडाला टेकून बसला होता, कोयता मांडीवर, डोळे उघडे, पायांवरून मुंग्या चालल्या होत्या. सकाळी अकरापासून तो तसाच बसला असावा, कारण एकही शहाळे उतरवलेले नव्हते. "काही नाही, जरा बसलो होतो," एवढेच तो म्हणाला. त्यानंतर तो रात्री उठू लागला. दोन वाजता, अडीच वाजता, पाऊस नसतानाही, बॅटरी घेऊन नदीकडे जाऊन येई. आरोग्य केंद्रात दाखवले तर रक्तदाब निघाला. मनाविषयी कुणी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही.

१९८९ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर ह्यूगो वादळ आदळले. त्यानंतरच्या दोन वर्षांत तिथल्या तरुण, मध्यमवयीन आणि वृद्ध माणसांची तपासणी झाली, तेव्हा सगळ्यांत जास्त त्रास मधल्या वयाच्या माणसांना झालेला दिसला. संशोधकांनी त्याला ओझ्याचे कारण दिले. वर आई-वडील, खाली मुले, हातात कर्ज, आणि आता त्यावर पडके घर. हे वाचले तेव्हा मला दादाचे ते छायाचित्र आठवले. संकटात माणूस किती खचतो हे त्याच्या अंगात किती बळ आहे यावर जेवढे ठरते, तेवढेच त्याच्यावर कोण कोण टेकून उभे आहे यावरही ठरत असावे.

वहिनीबद्दल मी इथवर दोन-तीन ओझरती वाक्येच लिहिली आहेत, हे आत्ता ध्यानात येते. ती मला घरच्या कहाणीत दिसतेच अशी, कागद सोडवताना, दादाला शोधताना, पेज वाढताना. आपद्ग्रस्तांवरचे तोवरचे अनेक अभ्यास एकत्र वाचणाऱ्या फ्रॅन नॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये साठ हजार आपद्ग्रस्तांच्या नोंदींचा आढावा घेतला होता. त्यात मधले वय आणि स्त्री असणे, घरात लहान मूल असणे, नवरा स्वतःच खचलेला असणे, या सगळ्या गोष्टी धोका वाढवणाऱ्या म्हणून आल्या आहेत. वहिनीला त्यातली एकही चुकलेली नाही. तिला मी एकदा विचारले तेव्हा ती म्हणाली, "मी कधी पडणार? माझ्यासाठी रिकामी जागा कुठाय?" आणि मासे साफ करू लागली.

तरीही मधल्या वयालाच सर्वांत जास्त लागते असा नियम बांधावा, तर तोही टिकत नाही, आणि या विषयातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट इथेच आहे. त्याच नॉरिस बाईंनी आणखी एक तुलना केली. १९९२ चे अमेरिकेतले अँड्र्यू वादळ, १९९७ चे मेक्सिकोतले पॉलिना वादळ आणि त्याच वर्षीचा पोलंडमधला महापूर, या तीन ठिकाणच्या माणसांची मने त्यांनी वयानुसार शेजारी शेजारी ठेवून पाहिली. अमेरिकेत मधल्या वयाची माणसे सर्वांत जास्त खचलेली होती. मेक्सिकोत तरुण जास्त खचले होते आणि वय वाढेल तसा त्रास कमी होत गेला होता. पोलंडमध्ये नेमके उलट, जितके वय जास्त तितका त्रास जास्त. तीन देश, तीन वेगवेगळे आलेख. वयाचा म्हणून एकच परिणाम नाही. ज्या समाजात, ज्या घरव्यवस्थेत, ज्या इतिहासात ते वय जगले जाते त्यावर सारे ठरते, असा त्यांचा निष्कर्ष. मला त्यातून असे वाटते की वय हे घरातल्या जागेचे नाव आहे. कुठे ती जागा चुलीपाशी असते, कुठे कचेरीच्या रांगेत, कुठे कोपऱ्यातल्या खाटेवर. आणि पाणी शिरते तेव्हा प्रत्येक जागेवर ते वेगळ्या उंचीचे असते.

गोव्यापुरते बोलायचे तर ही जागा झपाट्याने बदलते आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्याकडे साठीपुढची माणसे शंभरात अकराहून थोडी जास्त होती. केरळ वगळता हे प्रमाण देशातल्या बहुतेक राज्यांहून अधिक. नदीकाठच्या वाड्यावाड्यांतून फिरले की दिसते की मधले वय बोटीवर आहे, आखातात आहे, पणजीत-वास्कोत भाड्याच्या खोलीत आहे. तिथे सत्तर वर्षांच्या बाईलाच मामलेदाराच्या कचेरीत जावे लागते, तिलाच छायाचित्रासाठी भिंतीपुढे उभे राहावे लागते. तिच्याजवळ ब्याऐंशी साल असले तरी मोबाईलवर येणारा सांकेतिक अंक वाचून दाखवायला कुणी नसते. आईने तग धरला असे मी म्हणते, तेव्हा दादा रांगेत उभा होता हेही त्याच वाक्यात यायला हवे.

आता भाची. पोरांचे काय, ती विसरतात, असे आम्ही सगळेच म्हणत होतो. करोनामुळे शाळा बंद होत्या, आणि ज्या मोबाईलवर तिचे वर्ग चालत तो पुरात गेला होता. मुलांना संकटानंतर जी एक रोजची ठरलेली वाट लागते, घंटा, बाक, बाई, डबा, ती नेमकी त्या वर्षी नव्हती. ती आणि वाड्यावरची चार पोरे सभामंडपात खेळत बसत. त्यांचा एक खेळ मी पाहिला. फरशीवर खडूने घर आखायचे, एकाने नदी व्हायचे, बाकीच्यांनी त्याने शिवायच्या आत खोटी कोंबडी, खोटी गाय, खोटी आजी उचलून पायरीवर न्यायची. नदी झालेला मुलगा हळूहळू सरपटत यायचा. खेळाचे नाव "हुंवार." एका बाईने त्यांना दटावले, असले अभद्र खेळू नका म्हणून. आई म्हणाली, "खेळूंदेत गो. आम्ही बोलून काढतो, ती खेळून काढतात." भाची प्रत्येक डावात आजीच उचलायची, आणि आजी झालेली मुलगी तिच्यापेक्षा जाड असल्याने दर डावाला बुडायची.

मला वाटले ती सावरली. पुढच्या जूनमध्ये, पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री, तिने दप्तर भरले, त्यात आपला एक फ्रॉक, कंपासपेटी आणि आजीच्या गुडघ्याचे तेल घातले आणि ते माळ्यावर ठेवायला सांगितले. आता माळा नव्हता, स्लॅब होता. मग ती दप्तर उशाशी घेऊन झोपली. सप्टेंबरापर्यंत रोज. आणखी एक गोष्ट मी पाहिली. पाऊस वाढला की ती खिडकीकडे जात नसे. ती दादाच्या तोंडाकडे बघे. तो जेवत असला तर जेवे. तो उठून बॅटरी शोधू लागला की तिचा हात ताटातच थांबे.

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, बफेलो क्रीक नावाच्या ओढ्यावर, २६ फेब्रुवारी १९७२ रोजी कोळशाच्या खाणीचा गाळ अडवणारा बांध फुटला आणि १२५ माणसे गेली. (खाणींच्या ढिगाऱ्यांखाली संसार केलेल्या आम्हां लोकांना ही घटना परकी वाटू नये, नैसर्गिक आपत्ती म्हणतात त्यात निसर्गाचा वाटा किती, हा वेगळा आणि मोठा विषय आहे.) तिथल्या मुलांच्या नोंदी पुढे तपासल्या गेल्या. अगदी लहान मुलांत मोठ्या मुलांपेक्षा लक्षणे कमी होती, पण मूल कसे आहे हे बऱ्याच अंशी त्याच्या आई-बापांचे मन कसे आहे आणि घरातले वातावरण चिडके किंवा उदास आहे का, यावरून सांगता येत होते. मुलाचे धैर्य मुलाच्या एकट्याच्या मालकीचे नसते. माझ्या भाचीवर उपचार करायचे असते तर ते दादापासून सुरू करावे लागले असते, हे मला फार उशिरा समजले.

आणि आई?

दादाला शेवटी मदत मिळाली, थोडे कर्ज आणखी काढले गेले, आणि २०२२ च्या जानेवारीत उरलेल्या दोन खोल्या पाडून तिथे चिऱ्यांचे, स्लॅबचे घर बांधायचे ठरले. जोते दीड मीटर उंच घेतले. जेसीबी आला त्या दिवशी आई सुनेला म्हणाली, की मला काजूच्या बागेत नेऊन बसव. त्या दोन खोल्यांतली एक बाळंतिणीची. आम्ही तिन्ही भावंडे तिथे जन्मलो. मधला तिथेच गेला. ती दिवसभर बागेत बसली आणि संध्याकाळी आली तेव्हा तिने नुसते विचारले, "खांब कुठे ठेवलाय?" बाबांनी खूण पाडलेला फणसाचा खांब दादाने गोठ्यात आडवा ठेवला होता.

नव्या घरात गेल्यावर तिने एक शब्द बदलला. ते घर ती "दादाचं घर" म्हणू लागली. आमचे नाही, दादाचे. पाहुण्याला पाणी देताना म्हणे, "बसा, दादा येईल." दुपारची पेज तिने सोडली. रात्री ती उठे आणि जुन्या घराचे उगवतीकडचे दार जिथे होते तिथे जाई. तिथे आता भिंत आहे. ती अंधारात हाताने चाचपत भिंतीवर कडी शोधी. एकदा मी तिथे राहिले असताना पाहिले, मी दिवा लावला तर ती ओशाळली आणि म्हणाली, "दार कुणी हलवलं?"

हुंवाराची लस तिला होती. घर बदलण्याची नव्हती. शहात्तर वर्षांचे माणूस आपल्या आठवणी डोक्यात कमी आणि उंबऱ्यात, कोनाड्यात, दाराच्या कडीत जास्त ठेवते. ते सामान माळ्यावर चढवता येत नाही. वृद्धांवरचे निरनिराळे अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात नैसर्गिक आपत्तीनंतर आघाताची लक्षणे वृद्धांत तरुण प्रौढांच्या दुपटीहून थोडी जास्त आढळल्याचे म्हटले आहे. न्यूयॉर्कच्या त्या तिपटीशी हे जुळत नाही असे वाटेल. मला ते आता विसंगत वाटत नाही. कुठल्या दिवशी विचारता यावर ते आहे: पाणी घरात असताना की भिंत पडल्यावर. शिवाय अशा पाहण्यांत वाचलेली माणसेच येतात. २००५ च्या कतरिना वादळात लुईझियानात मेलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे पंचाहत्तरीचे किंवा त्याहून मोठे होते, ती कुठल्याच प्रश्नावलीत उत्तरे द्यायला आली नाहीत. किल्लारीचा भूकंप झाला १९९३ च्या ३० सप्टेंबरला, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे. पुढे तिथली कित्येक गावे नव्या जागी, सरळ रेषांच्या रस्त्यांवर वसवली गेली. त्या गावांविषयी वाचताना पूर्वी मला सरळ रस्ते चांगले वाटत. आता मी पहिल्यांदा विचार करते की रात्री उठून कोणकोणत्या म्हाताऱ्या बायका तिथे दार शोधत फिरल्या असतील.

सोशिक आहे, तिला काही होत नाही, असे आम्ही आईविषयी सहा महिने म्हणत राहिलो, कारण तसे म्हणणे आमच्या सोयीचे होते. एक माणूस कमी विचारावे लागत होते. दादाला वाघ म्हणणे, भाची विसरली म्हणणे, हीदेखील त्याच सोयीची बोली.

आई आता बरी आहे असे म्हणण्याइतपत बरी आहे. त्याचे श्रेय भाचीला. तिने एका रविवारी गोठ्यातल्या खांबावरची बाबांची खूण टेपने मोजली, मग गावकऱ्यांना विचारून २०२१ चे पाणी कुठवर होते ते ठरवले, आणि नव्या घराच्या सोप्यावरच्या सिमेंटच्या खांबावर पेन्सिलीने दोन्ही रेघा ओढल्या. जोत्याची उंची वजा करताना तिची गणिताची वही भरली. ब्याऐंशीची रेघ जोत्याच्याही खाली गेली, म्हणून तिने ती पायरीच्या बाजूला काढली. एकवीसची रेघ खांबाच्या अगदी तळाशी आली, जमिनीपासून चार बोटे. आईने रोज सकाळी त्या रेघेपाशी बसायला सुरुवात केली. तिथेच चहा, तिथेच तांदूळ निवडणे. दादाला ती रेघ बघवत नसे. त्याने रंगाऱ्याकडून ती एकदा पुसून घेतली, भाचीने पुन्हा काढली, आणि मग त्याने तिच्यावर काही न बोलता पाटाएवढे जुने लाकडी खोके आणून ठेवले. आईने त्या खोक्याला आसन केले.

परवा गेले तेव्हा पाऊस नुकताच लागला होता. आई खोक्यावर बसली होती, भाची पायरीवर अभ्यास करत होती, दादा अंगणात पन्हळ साफ करत होता. वहिनीने आतून विचारले की नदी कितपत चढली आहे. दादाने हातातले काम थांबवले नाही. "देवळाची पहिली पायरी दिसते," तो म्हणाला. आईने मान वळवून देवळाकडे पाहिले आणि म्हणाली, "दुसरीसुद्धा दिसते. चष्मा लाव."